रात्रभर पोटात काही नाही, तरी सकाळी साखर जास्त कशी?

आईच्या साखरेची वही आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकून उभी असते. पट्टीने रेघा मारून तिने रकाने पाडले आहेत: तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, काय खाल्लं. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तिने बोटाला टोचलं, थेंब पट्टीला लावला आणि आकडा बघून नुसती बसून राहिली. १४८. रात्री झोपताना १२६ होती.

"अगं, रात्री अर्धीच भाकरी खाल्ली मी. नंतर दूधसुद्धा घेतलं नाही. मग ही बावीस आली कुठून?"

मी तिला विचारलं, रात्री उठून काही खाल्लंस का? असं विचारायला नको होतं. मधुमेह असलेल्या घराघरांत हा प्रश्न विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्या माणसाने खरंच काही खाल्लेलं नसतं. घरच्यांना वाटतं चोरून खाल्लं असणार, रुग्णाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे: रक्तातली साखर म्हणजे आपण खाल्लेली साखर. ही निम्मीच गोष्ट झाली. आईची ती बावीस तिच्याच यकृतातून, म्हणजे लिव्हरमधून आली होती.

घरातल्या यंत्राचा आकडा प्रयोगशाळेच्या तुलनेत १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो, त्यामुळे एका सकाळवरून काही ठरवू नये. पण आईच्या वहीत मागची पानं उलटली तर तीन आठवडे हेच चाललं होतं. रात्री कमी, सकाळी जास्त.

सगळ्या रक्तात मिळून एक चमचा

आधी मापं बघू. रिपोर्टवर १०० लिहिलेलं असतं त्याचा अर्थ १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. ग्लुकोज म्हणजे साखरेचं सगळ्यात साधं रूप, जे पेशी इंधन म्हणून जाळतात. भात, पोळी, केळं, साबुदाणा, काहीही खा, त्यातल्या पिठूळ आणि गोड भागाचं पोटात बहुतांशी ग्लुकोजच होतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. गुणाकार केला की ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा साखर.

हा हिशोब मी पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा दोनदा तपासून पाहिला. सगळ्या रक्तात मिळून एक चमचा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आकडा दोनदा आला की मधुमेह म्हणतात. त्याचे होतात ६.३ ग्रॅम. म्हणजे सगळा फरक पाव चमच्याचा.

आता ये-जा बघा. पानात घेतलेल्या दीडशे ग्रॅम भातात साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे आठ चमचे. दोन-तीन तासांत ती रक्तात उतरतात. तरी निरोगी माणसाची साखर जेवणानंतर दोन तासांनी १४० च्या आतच असते. दुसऱ्या बाजूला मेंदू. तो दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज वापरतो, तासाला एक चमचा, आणि झोपेतही थांबत नाही. आठ चमचे आले तरी पूर नाही, आठ तास काही आलं नाही तरी दुष्काळ नाही. एवढं नेमकं काम अंगात दिवसरात्र चालू असतं आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते.

वर ऊन, खाली नदीला पाणी

पुण्याच्या माणसाला पुढचं समजावणं सोपं आहे. शहरात कधी कधी लख्ख ऊन पडलेलं असतं आणि भिडे पूल पाण्याखाली गेलेला असतो. नदीकाठी राहणाऱ्याला त्याचं नवल वाटत नाही. त्याला माहीत असतं, खडकवासल्यातून विसर्ग वाढवलाय. मुठेची पातळी फक्त डोक्यावर पडणाऱ्या पावसावर ठरत नाही. धरणाचे दरवाजे किती उघडे आहेत, त्यावरही ठरते.

जेवण म्हणजे पाऊस, रक्त म्हणजे नदी आणि यकृत म्हणजे धरण.

जेवण झालं की आतड्यातलं ग्लुकोज आधी यकृतातच जातं. त्यातलं बरंचसं यकृत साठवून ठेवतं. हा साठा ग्लायकोजेन या रूपात असतो. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजचे कण एकमेकांत गुंफून केलेली फांद्यांची माळ. मोठ्या माणसाच्या यकृतात असा साधारण १०० ग्रॅम साठा मावतो. स्नायूंमध्ये त्याच्या तीन-चार पट असतो, पण स्नायूंचा साठा म्हणजे ज्याची विहीर त्याचंच पाणी. स्नायू तो रक्तात परत सोडू शकत नाहीत. सगळ्या अंगाला पाणी सोडायचं काम मुख्यतः यकृताचं.

जेवणाला चार-पाच तास झाले की यकृत साठा उसवून ग्लुकोज सोडायला लागतं. शिवाय काही ग्लुकोज ते नव्याने बनवतं: प्रथिनांच्या घटकांपासून, स्नायूंतून आलेल्या लॅक्टेटपासून, चरबी फुटताना निघणाऱ्या ग्लिसरॉलपासून. ६० किलोच्या निरोगी माणसाचं यकृत रात्रीच्या उपासात तासाला सुमारे ७ ग्रॅम ग्लुकोज सोडतं. आठ तासांच्या झोपेचे झाले ५५ ग्रॅमच्या वर. अकरा चमचे! आपण गाढ झोपलेलो असताना, पोटात काहीही नसताना.

हे शोधून काढलं फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी, १८४८ च्या सुमारास. त्या काळी मानत की साखर फक्त वनस्पती बनवतात आणि प्राणी ती नुसती वापरतात. बर्नारांनी कुत्र्यांना फक्त मांस खायला घातलं, साखरेचा कणही दिला नाही. तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली. आईच्या प्रश्नाचं मूळ उत्तर त्या प्रयोगात आहे.

इन्सुलिन म्हणजे नुसती किल्ली नव्हे

इन्सुलिन समजावताना बहुतेक जण किल्लीचं उदाहरण देतात. पेशीला कुलूप असतं, इन्सुलिनची किल्ली फिरली की दार उघडतं आणि ग्लुकोज आत जातं. स्नायू आणि चरबीच्या पेशींपुरतं हे बरोबर आहे. पण मेंदूच्या पेशींना ग्लुकोज आत घ्यायला या किल्लीची गरज पडत नाही, आणि यकृताच्या बाबतीत तर इन्सुलिनचं मुख्य काम वेगळंच आहे. तिथे ते निरोप घेऊन जातं: बाहेरून माल आलाय, तू आता दरवाजे बंद कर आणि साठवायला लाग.

हा निरोप निघतो स्वादुपिंडातून. पोटाच्या मागे आडवा पडलेला हा हातभरही नसलेला अवयव. त्यात पेशींचे बारीक बारीक पुंजके असतात. १८६९ साली बर्लिनमधल्या पॉल लँगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने ते पहिल्यांदा पाहिले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. अशी सुमारे १० लाख बेटं, आणि सगळी मिळून वजन एक-दोन ग्रॅम. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन बनवतात, ज्याचा निरोप बरोबर उलटा असतो: साठा सोड.

स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन थेट सगळ्या अंगात जात नाही. त्याचा पहिला थांबा यकृत, आणि जवळपास निम्मं तिथेच खर्ची पडतं. रक्तात ते पाचेक मिनिटांत निम्मं होतं, म्हणून निरोप सतत नव्याने पाठवावा लागतो. रात्रीही थोडं थोडं इन्सुलिन झिरपतच असतं. दरवाजे पूर्ण बंद करायला नाही, फार उघडू नयेत म्हणून.

पहाटे काय होतं

झोपेत वाढीचं संप्रेरक स्रवतं. पहाटेच्या सुमाराला कॉर्टिसॉल वाढायला लागतं. (संप्रेरक म्हणजे एका अवयवाने रक्तातून दुसऱ्याला पाठवलेला निरोप. इन्सुलिनही त्यातलंच.) हे दोघे शरीराला उठायची तयारी करायला लावतात. त्यासाठी इंधन हवं, म्हणून यकृत थोडं जास्त ग्लुकोज सोडतं आणि स्नायू इन्सुलिनला थोडा कमी प्रतिसाद देतात. हे तुमच्यामाझ्यात, सगळ्यांतच होतं. निरोगी माणसाच्या बीटा पेशी तेवढंच जास्तीचं इन्सुलिन सोडतात आणि आकडा जागेवर राहतो.

टाइप २ मधुमेहात, म्हणजे मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात, दोन गोष्टी बिघडलेल्या असतात. यकृत आणि स्नायू इन्सुलिनचा निरोप नीट ऐकत नाहीत. याला इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. आणि बीटा पेशी थकलेल्या असतात, त्यांना आवाज वाढवता येत नाही. त्यात अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडत राहतात. पहाटे यकृताने दरवाजे थोडे जास्त उघडले, तर ते आवरायला कोणी नसतं. म्हणून १२६ ची १४८.

"मग रात्रीचं जेवणच सोडलं तर?"

आईच्या मनात हेच आलं होतं आणि मला त्याचीच जास्त धास्ती होती. रात्री उशिरा, भरपेट जेवण सकाळची साखर वाढवतं हे खरं. लवकर आणि बेताचं जेवण चांगलंच. पण अजिबात न जेवल्याने धरण बंद होत नाही. उलट पाऊस नाही म्हटल्यावर विसर्ग चालू ठेवावाच लागतो.

आणि गोळ्या चालू असतील तर यात खरा धोका आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी बीटा पेशींना इन्सुलिन सोडायला भाग पाडते, तुम्ही जेवा वा न जेवा. गोळी घेतली आणि जेवण टाळलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणं अडखळतं. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, बारा वर्षांच्या नातवालासुद्धा.

जेवण सोडण्यापेक्षा जेवणानंतर चालणं कामाचं. स्नायू आकसतात तेव्हा ते इन्सुलिनच्या किल्लीशिवायही ग्लुकोज आत ओढतात. जेवून लगेच पंधरा-वीस मिनिटं गच्चीवर फेऱ्या मारल्या तरी वहीत फरक दिसतो. आमच्याकडे दिसला.

"पण मी तर बारीक आहे"

हा आक्षेप महाराष्ट्रात फार ऐकू येतो, आणि त्याचं उत्तरही महाराष्ट्रातूनच आलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, सारखाच: २२.३. तक्त्यानुसार दोघेही अगदी योग्य वजनाचे. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा तोच, आतला माल वेगळा. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात.

याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ती बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच लहान. पण त्यांच्या अंगात कमी होते ते स्नायू, चरबी त्या मानाने टिकून होती. दिवसभर शेतात राबणाऱ्या, पोटभर न जेवणाऱ्या आईच्या पोटात बाळाचं शरीर टंचाईसाठी तयार होतं. पुढे हे मूल शहरात येतं, खुर्चीत बसतं, भरपूर खातं. त्याच्या बांध्याला हा पाऊस झेपत नाही. आजारी माणसाला "तूच खाऊन ओढवून घेतलंस" म्हणणाऱ्यांनी हे काम एकदा समजून घ्यावं. काही हिशोब आपण जन्माला येण्याआधीच मांडलेले असतात.

चरबी आणि यकृताचा संबंध इथेच येतो. खाल्लेलं जास्त झालं आणि कातडीखालच्या चरबीत मावेनासं झालं की ते यकृतात चरबी म्हणून साठतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर' लिहिलेलं असतं आणि आपण ते किरकोळ समजून फाइलमध्ये ठेवून देतो. अशा यकृताला इन्सुलिनचा निरोप नीट पोचत नाही. सकाळच्या आकड्याची गोष्ट कितीतरी जणांत तिथून सुरू होते.

उलटी वाटही आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डायरेक्ट या चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या लोकांनी देखरेखीखाली कडक आहार घेऊन वजन उतरवलं. वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांमध्ये ८६ टक्के. हे सगळे मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले होते आणि बहुतेक जण जाड होते. त्यामुळे आपल्या बारीक काकांनी १५ किलो उतरवू नयेत. पण यकृत आणि स्वादुपिंड यांच्यातली चरबी हटली की निरोप परत ऐकू येऊ शकतो, एवढं त्यातून दिसतं.

"गोड तर मी खातच नाही"

चहात साखर नाही, पण सकाळी पोह्यांची भरलेली डिश. उपास म्हणून काही खाल्लं नाही, फक्त साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च असतो, म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या. तो जिभेला गोड लागत नाही, एवढंच. गुळातही बहुतांश तीच साखर असते. यापेक्षा जास्त गुळाबद्दल सांगण्यासारखं नाही.

२०२३ साली आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीने अंदाज दिला: भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह, आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. मोठ्या माणसांत चारातला एक. हे सगळे काही मिठाईवर जगत नाहीत.

गोळ्या, आणि बातम्यांतली ती इंजेक्शनं

एवढं कळलं की औषधाच्या चिठ्ठीचाही अर्थ लागतो. मेटफॉर्मिन ही सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी मुख्यतः यकृतावर काम करते, विसर्ग कमी करते. ग्लिमेपिराइड बीटा पेशींना ढकलते. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या जास्तीचं ग्लुकोज लघवीवाटे बाहेर टाकतात. साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती आपणहून सोडायला लागतं, ही गोळी त्याला आधीच सोडायला लावते. 'मधुमेह' हा शब्दच मुळी गोड लघवीवरून आलाय.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही वजन आणि साखर उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली आणि तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतही त्यांची चर्चा असते. त्यांच्यामागची गोष्ट अशी: जेवण आतड्यात पोचलं की आतडं जीएलपी-१ नावाचा निरोप पाठवतं, माल येतोय, तयारीला लागा. मग स्वादुपिंड इन्सुलिन वाढवतं, ग्लुकॅगॉन कमी करतं, जठर अन्न सावकाश पुढे सोडतं, मेंदूला पोट भरल्यासारखं वाटतं. नैसर्गिक जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत विरतं. वेगोवी त्याचीच नक्कल करतं, पण आठवडाभर टिकतं. मौंजारो त्याच्या जोडीला आतड्यातल्या आणखी एका निरोपाची नक्कल करतं. यांचा इन्सुलिनवरचा परिणाम साखर वाढलेली असतानाच जोरात होतो, म्हणून एकटी घेतली तर साखर फार खाली जायची भीती कमी. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होऊ शकते, आणि इंजेक्शन थांबवल्यावर वजन बहुधा परत चढतं. शेजारणीने घेतलं म्हणून आपण घ्यावं, अशी ही वस्तू नाही.

"इन्सुलिन सुरू झालं म्हणजे संपलं"

या भीतीपायी लोक वर्षानुवर्षं ३०० ची साखर अंगावर काढतात, डोळे आणि मूत्रपिंडं गमावतात. बीटा पेशी थकल्या असतील तर जो निरोप शरीर पाठवू शकत नाही, तोच आपण बाहेरून पाठवतो. त्यात शिक्षा कुठली? मोठं आजारपण, ऑपरेशन, गरोदरपण अशा वेळी इन्सुलिन काही काळापुरतं देऊन बंदही करतात.

टाइप १ मधुमेहाच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बीटा पेशी शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक यंत्रणेने नष्ट केलेल्या असतात. निरोपच नाही, म्हणून धरणाचे दरवाजे सताड उघडे. पूर्वी अशी मुलं काही महिन्यांत जात. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोला लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी ते आणखी शुद्ध केलं, बारा दिवसांनी पुन्हा दिलं आणि मुलाची साखर उतरली. तो आणखी तेरा वर्षं जगला. कॉलिप, फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी पेटंट विद्यापीठाला दिलं, प्रत्येकी एका डॉलरला.

आईच्या डॉक्टरांनी गोळी बदलण्याआधी एक काम सांगितलं: तीन रात्री पहाटे तीनला उठून साखर बघा. तीनला आकडा फार खाली असेल तर औषध जास्त होतंय, आणि ठीक असेल तर वाढ त्यानंतरची आहे. दोन्हींचा उपाय उलट. आम्ही गजर लावून उठलो. ओट्यावरचा दिवा लावून आईने बोट पुढे केलं. झोपताना १२९, तीनला १२४, साडेसहाला १४६. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीही तसंच.

डॉक्टरांनी ती तीन पानं वाचली. अर्ध्या भाकरीबद्दल एक शब्द काढला नाही. मेटफॉर्मिनची रात्रीची मात्रा बदलली आणि आईला म्हणाले, रात्री एक भाकरी पूर्ण खा, साडेसातच्या आत, आणि मग गच्चीवर जा. आईने वहीत नवा रकाना पाडलाय, 'फेऱ्या'. कालच्या तारखेला तिथे २२ लिहिलंय.